ध्यानाची तुलना कशाशी? सजगता आणि करुणेवरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

ध्यानाने बरं वाटतं का, यावर संशोधकांत खरा वाद कधी झालाच नाही. आठ आठवडे एखादी गोष्ट नेमाने करणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो बहुतेक वेळा ‘फरक पडला’ असंच सांगतो. वाद पुढच्या प्रश्नावर आहे. फरक पडला तो कशाच्या तुलनेत? कधी ‘ध्यानाने मेंदू बदलतो’, कधी ‘ध्यानाचा काही उपयोग नाही’ अशा उलटसुलट बातम्या गेली वीस वर्षं येत आहेत. त्यातल्या निम्म्याअधिक गोंधळाचं मूळ या प्रश्नात सापडतं.

सुरुवातीच्या संशोधनात तुलना हा भागच नव्हता. 1935 साली एक फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ बाई यंत्र घेऊन भारतात आल्या आणि योग्यांच्या हृदयाचे आलेख काढून गेल्या. 1961 मध्ये दिल्लीत योग्यांच्या मेंदूचे आलेख निघाले, 1966 मध्ये जपानमधल्या झेन साधकांचे. हा सगळा काळ विलक्षण माणसं शोधून मोजण्याचा होता. 1970 च्या आसपास मंत्रध्यानाची लाट आली. ध्यानात शरीराचा प्राणवायूचा वापर घटतो, असे निष्कर्ष मोठ्या नियतकालिकांत झळकले. पण 1976 साली पाच मुरलेल्या साधकांचे आलेख बारकाईने तपासले गेले, तेव्हा ध्यानाच्या वेळेतला बराच भाग ते चक्क झोपेच्या अवस्थेत असल्याचं दिसलं. ध्यान आणि डुलकी यांत शरीराच्या दृष्टीने फरक काय, हा प्रश्न त्या दिवसापासून टेबलावर आहे.

आज ज्याला आपण माइंडफुलनेस किंवा सजगता म्हणतो त्याची वैद्यकीय सुरुवात 1979 ची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या रुग्णालयात एका रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने एक वर्ग सुरू केला. आधी तो दहा आठवड्यांचा होता, पुढे आठ आठवड्यांचा झाला. डॉक्टरांनी हात टेकलेले जुनाट वेदनांचे रुग्ण तिथे पाठवले जात. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तास एकत्र बसायचं, घरी रोज पाऊण तास सराव करायचा आणि मध्ये एक अख्खा दिवस मौनात काढायचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर मनुका ठेवला जाई. तो बघायचा, बोटांत फिरवायचा, कानाशी नेऊन दाबायचा, जिभेवर ठेवून थांबायचं आणि मग चावायचा. बुद्धाचं नाव नाही, धूप नाही, पद्मासनाचा आग्रह नाही. धर्म वगळण्याचा हा निर्णय पुढे बराच टीकेचा विषय झाला. पण तो घेतला नसता तर रुग्णालयाचं दार उघडलं नसतं, हे टीकाकारही मान्य करतील.

या वर्गावरचा पहिला मोठा अहवाल 1982 चा. 51 रुग्ण होते. दहा आठवड्यांनंतर 65 टक्के रुग्णांच्या वेदनांच्या गुणांकनात किमान एक तृतीयांश घट झाली होती. आकडा दणदणीत होता, पण शेजारी दुसरा गट नव्हता. वेदना चढ-उतार करतात आणि माणूस उपचाराला येतो तो सहसा चढाच्या वेळी. काही न करताही काहींना उतार पडलाच असता. किती जणांना, हे त्या अहवालातून कळायला मार्ग नव्हता.

करुणेचा धागा वेगळ्या वाटेने आला. तिबेटी बौद्धांचे सर्वोच्च धर्मगुरू आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ यांच्यातल्या बैठका 1987 मध्ये धर्मशाळेत सुरू झाल्या. 1992 मध्ये काही संशोधक मेंदूचे आलेख काढायची सामग्री घेऊन डोंगरातल्या साधूंना भेटायला गेले. यंत्र कसं चालतं ते दाखवायला एका शास्त्रज्ञाच्या डोक्याला तारा लावल्या, तर जमलेले भिक्षू खो खो हसायला लागले. अवतार विचित्र दिसतोय म्हणून हसत असतील, असं पाहुण्यांना वाटलं. भिक्षूंची गंमत वेगळीच होती: करुणा तपासायला आलात आणि तारा डोक्याला लावता?

खरी गर्दी झाली ती 2000 नंतर. 2003 मध्ये एका जैवतंत्रज्ञान कंपनीतल्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. 25 जण ध्यान शिकले, 16 जण प्रतीक्षायादीत राहिले. दोन्ही गटांना फ्लूची लस दिली तेव्हा ध्यान करणाऱ्यांच्या शरीरात प्रतिपिंडं जास्त तयार झाली. 2004 मध्ये आठ मुरलेले तिबेटी साधक विरुद्ध दहा नवखे विद्यार्थी अशी मांडणी आली. या साधकांची साधना दहा हजार ते पन्नास हजार तासांची होती, आणि निरपेक्ष करुणेच्या ध्यानात त्यांच्या मेंदूतल्या गॅमा लहरी असाधारण तीव्र आढळल्या. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला मेंदूशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात त्याच धर्मगुरूंना भाषणाला बोलावलं, तेव्हा पाचशेहून अधिक संशोधकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. काहींच्या विरोधामागे राजकारण होतं, काहींना पुरावा कच्चा वाटत होता. भाषण झालंच.

आता प्रतीक्षायादीकडे वळतो, कारण सगळी गाठ तिथे आहे.

ध्यान शिकायला शंभर जण आले असं समजा. चिठ्ठ्या टाकून पन्नास जणांना लगेच वर्गात घ्यायचं आणि उरलेल्यांना ‘तुमचा वर्ग दोन महिन्यांनी’ असं सांगायचं. मधल्या काळात दोघांचीही मोजमापं घ्यायची. ही पद्धत स्वस्त आहे, आणि कोणालाही कायमचं वंचित ठेवावं लागत नसल्याने नैतिक समितीही हरकत घेत नाही. पण मोजलं काय जातं? वर्गातल्या माणसाला ध्यान मिळतंच, शिवाय एक आस्थेवाईक शिक्षक, समदुःखी माणसांची सोबत, घरी करायचा गृहपाठ आणि ‘आता आपण बरे होणार’ ही उमेद मिळते. यादीतल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. उलट आपला नंबर लागणारच आहे म्हणून तो स्वतःचे इतर प्रयत्नही पुढे ढकलतो. मग दोन महिन्यांनी दिसलेल्या फरकाचं श्रेय ध्यानाला किती आणि बाकीच्या गोष्टींना किती? गोळ्यांच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. ध्यानाची साखरेची गोळी कशी करणार? आपण डोळे मिटून बसलोय हे बसणाऱ्याला माहीत असतंच.

यावर विस्कॉन्सिनच्या एका प्रयोगशाळेने काढलेला तोडगा मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यांनी ध्यानाच्या वर्गाचा जुळा भाऊ तयार केला. तितकेच आठवडे, तितकेच तास, तितकाच गृहपाठ आणि आपल्या विषयावर तितकाच विश्वास असलेले शिक्षक. फक्त ध्यानाच्या जागी व्यायाम, शरीराच्या हालचाली, संगीतोपचार आणि आहाराचं शिक्षण. 2012 मध्ये 63 जणांवरचे निकाल आले. मानसिक त्रास, चिंता आणि शारीरिक तक्रारी दोन्ही गटांत कमी झाल्या, आणि जवळपास सारख्याच. उष्णतेच्या चटक्याने होणाऱ्या वेदनेच्या गुणांकनात मात्र ध्यानाचा गट पुढे होता.

ध्यानाच्या पुरस्कर्त्यांनी यावर म्हटलं की हा जुळा भाऊ स्वतःच चांगला उपचार आहे, त्याच्याशी बरोबरी झाली तर त्यात कमीपणा काय? मुद्दा खोटा नाही. पण ‘ध्यानाने बरं वाटतं’ आणि ‘ध्यानामुळेच बरं वाटतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि जाहिराती कायम दुसरं विकत आल्या आहेत. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात फक्त तुलनेला ठोस काहीतरी असलेल्या चाचण्या घेतल्या. अठरा हजारांवर नोंदी चाळून 47 चाचण्या आणि 3515 माणसं उरली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा दिसला नाही.

करुणेच्या बाबतीत हीच गोष्ट जास्त टोकदार झाली. 2013 मध्ये बॉस्टनला एक देखणा प्रयोग झाला. प्रतीक्षाकक्षात तीन खुर्च्या, दोनांवर संशोधकांचीच माणसं. प्रयोगात सहभागी झालेला माणूस येऊन तिसरीवर बसतो. मग कुबड्या घेतलेली, पायात मोठा वैद्यकीय बूट घातलेली एक तरुणी येते, कण्हते आणि भिंतीला टेकून उभी राहते. बाकीचे दोघे ढिम्म. ध्यान शिकलेल्यांपैकी 50 टक्के जण उठले, न शिकलेल्यांपैकी 16 टक्के. सजगतेचं ध्यान शिकलेले आणि करुणेचं शिकलेले यांत फरक नव्हता. तुलनेला होती प्रतीक्षायादी. 2015 मध्ये तोच प्रसंग मोबाइल अ‍ॅपवर ध्यान शिकलेल्यांपुढे उभा केला आणि या वेळी तुलनेला बुद्धीचे खेळ खेळणारे घेतले: 37 विरुद्ध 14 टक्के. म्हणजे ठोस तुलनेतही परिणाम टिकला, निदान त्या एका खोलीत.

2018 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा चित्र फिकं पडलं. करुणा वाढल्याचं दोनच परिस्थितींत दिसत होतं. एक, ध्यान शिकवणारी व्यक्तीच शोधनिबंधाची सहलेखक असेल तेव्हा. दोन, तुलनेला प्रतीक्षायादी असेल तेव्हा. यात कोणी लबाडी केली असं नाही. शिक्षकाची श्रद्धा वर्गात पाझरते आणि ती वजा करायची सोय प्रतीक्षायादीत नसते.

लाइपझिगमधल्या संशोधकांनी दुसरी युक्ती केली. नऊ महिने, तीनशेहून अधिक माणसं आणि तीन महिन्यांचे तीन टप्पे: एक अवधानाचा, एक करुणेचा, एक दुसऱ्याच्या नजरेतून पाहण्याचा. इथे ध्यानाची तुलना ध्यानाशीच होत होती. 2017 च्या निकालांनुसार परक्या परीक्षकांपुढे बोलण्याचा ताण तिन्ही टप्प्यांनंतर कमी वाटला. पण कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक घटलं ते करुणेच्या आणि दृष्टिकोनाच्या टप्प्यांनंतरच, कमाल 51 टक्क्यांपर्यंत. नुसत्या अवधानाच्या सरावाने ते हललं नाही. माझ्या मते करुणेच्या बाजूने आलेला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे, आणि त्याची चर्चा गॅमा लहरींच्या निम्मीसुद्धा झाली नाही.

2022 या एका वर्षात तीन निकाल तीन दिशांनी आले. ब्रिटनमधल्या 85 शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना सजगता शिकवून पाहिली. शाळेतल्या नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. 2011 मध्ये अवघ्या 16 जणांच्या स्कॅनवरून ‘आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते’ अशी बातमी जगभर गेली होती. आता 218 जणांच्या स्कॅनमध्ये ना प्रतीक्षायादीच्या तुलनेत फरक दिसला, ना जुळ्या वर्गाच्या. हा निकाल आला 2003 चा लसीचा अभ्यास करणाऱ्या त्याच प्रयोगशाळेतून, याचं श्रेय तिला द्यायला हवं.

तिसरा निकाल चिंताविकाराच्या 276 रुग्णांचा. निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग, निम्म्यांना चिंता आणि नैराश्यावरचं एस्सिटालोप्रॅम हे औषध. आजाराची तीव्रता दोन्हीकडे जवळपास सारखी उतरली. उपचाराशी संबंधित किमान एक त्रास झालेले रुग्ण औषधाच्या गटात 78.6 टक्के होते, ध्यानाच्या गटात 15.4 टक्के. बऱ्याच जुन्या चाचण्यांत ध्यानामुळे काही त्रास झाला का, हे विचारलंच जात नसे, म्हणून हा दुसरा आकडाही मोलाचा. प्लासिबोचा, म्हणजे साखरेच्या गोळीचा, किंवा काहीच न मिळालेला तिसरा गट मात्र या चाचणीत नव्हता. त्यामुळे या रुग्णांपैकी किती जण आपसूकच सावरले असते, हा 1982 चा प्रश्न इथेही सुटलेला नाही.