वायुपिस्तूल (नेमबाजी)

दहा मीटर अंतरावरील लक्ष्यावर ४.५ मिमी व्यासाचा शिशाचा छरा दाबाखालच्या वायूच्या जोरावर सोडणारे पिस्तूल. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९८८ च्या सोल स्पर्धेपासून आहे. पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि चाप ओढण्यास किमान ५०० ग्रॅमचा भार लागावा, असे नियम आहेत. पूर्वीच्या पिस्तुलांत स्प्रिंग दाबून अथवा तरफ ओढून प्रत्येक छऱ्यासाठी नव्याने ताकद लावावी लागे. नळीखाली बसणाऱ्या सिलिंडरमुळे ते श्रम वाचले. त्यात प्रथम कार्बन डायऑक्साइड आणि पुढे संपीडित हवा वापरात आली.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो व त्यावर त्याचीच वाफ असते. द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत वाफेचा दाब केवळ तापमानावर ठरतो: ०° से.ला सुमारे ३५ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब), २०° से.ला ५७, ३०° से.ला ७२. म्हणूनच दाबमापक पाहून यात किती वायू उरला हे कळत नाही, सिलिंडर तोलावाच लागतो. भरताना लहान सिलिंडर आधी थंड करतात. ज्यातून भरायचे तो मोठा सिलिंडर, आत तळापर्यंत बुडणारी नळी नसल्यास, उलटा धरतात, म्हणजे वाफेऐवजी द्रव उतरतो. फुसफुस थांबली की झडप बंद करून सिलिंडर काट्यावर ठेवतात आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरला असल्यास तेवढा वायू सोडून देतात. ही काटेकोरी अनाठायी नाही. काठोकाठ भरलेला थंड सिलिंडर तापला की प्रसरण पावणाऱ्या द्रवाला जागा उरत नाही व दाब झपाट्याने चढतो.

हवेचे गणित वेगळे आहे. सामान्य तापमानाला ती कितीही दाबली तरी द्रव होत नाही, त्यामुळे २०० बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरचा दाब प्रत्येक छऱ्यागणिक उतरत जातो आणि दाबमापक खरोखर शिल्लक सांगतो. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या बाटलीतून भरायचे तर दोन्हींकडचा दाब सारखा होताच प्रवाह थांबतो. २०० बारच्या बाटलीतून पहिल्या भरणीनंतरच पुरता दाब मिळेनासा होतो, तर ३०० बारची बाटली बराच काळ पुरते. हातपंपानेही भरता येते, पण शेवटच्या काही बारसाठी माणूस अंगाचे वजन दांड्यावर टाकतो आणि हवेबरोबर बाष्पही आत जाते. घाईने भरलेला सिलिंडर हाताला गरम लागतो व थोड्या वेळाने, निवल्यावर, दाबमापकाचा काटा खाली आलेला दिसतो. म्हणून भरणी सावकाश करावी. जोडणीला खनिज तेल लावू नये आणि हवेऐवजी ऑक्सिजन तर कधीच भरू नये, कारण उच्च दाबाखाली दोन्हींत स्फोटाचा धोका असतो.

उतरत्या दाबावर उपाय म्हणजे रेग्युलेटर. तो सिलिंडरमधील हवा ठराविक, बऱ्याच कमी दाबाने लहानशा कोठीत सोडतो. चाप ओढल्यावर हातोडी झडपेवर आदळते आणि कोठीतली हवा छऱ्यामागे सुटते. छऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर असतो. हा वेग अधिक असण्यापेक्षा एकसारखा असणे महत्त्वाचे. १५० मीटर वेगाचा छरा दहा मीटरवर साधारण २३ मिमी खाली पडतो, १४० मीटर वेगाचा २५ मिमीहून जास्त. म्हणजे नेम तोच राहूनही तीनेक मिलिमीटरचा फरक पडतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिमी व्यासाचे असल्याने हा फरक नगण्य म्हणता येत नाही. कार्बन डायऑक्साइडवरील पिस्तुलात असा फरक थंड सकाळ आणि तापलेली दुपार यांमध्ये सहज पडतो. शिवाय भराभर छरे सोडल्यास बाष्पीभवनाने सिलिंडर गार होतो आणि दाब घटतो. हवेच्या पिस्तुलांनी त्याला मागे टाकले ते मुख्यतः यामुळेच.

रेग्युलेटरही निर्दोष नसतो. त्याची सील (हवा अडवणारी चकती) झिजली की पिस्तूल पडून असताना कोठीतला दाब हळूहळू वाढतो आणि विश्रांतीनंतरचा पहिला छरा नेहमीपेक्षा वेगाने जातो. सरावाच्या आरंभी एक छरा वर लागून पुढचे ठिकाणावर येत असतील, तर नेमबाजाने आपल्या हाताला दोष देण्याआधी ही सील तपासावी.