पाच मिलिमीटरच्या लहरी : जगदीशचंद्र बोस यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती सायंकाळपासून पहाटेपर्यंत देशभर पोहोचवण्याचे काम नागपूर येथील एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकाकडे होते. १५६६ किलोहर्ट्झवरच्या त्या लहरीची लांबी सुमारे १९१ मीटर होती. भारतात बिनतारी लहरींच्या संशोधनाचा पाया घालणारे जगदीशचंद्र बोस मात्र कोलकात्यात अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करत होते. हा फरक लक्षात घेतला नाही, तर त्यांच्या कामाचे मोल नीट कळत नाही.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मलेले बोस केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून कमी पगार देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी तीन वर्षे पगार न घेता शिकवले. शेवटी प्रशासनाला पूर्ण वेतन थकबाकीसह द्यावे लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली होती, आणि उपकरणे घडवायला मदतीला पत्र्याचे काम करणारा एक स्थानिक कारागीर होता.

विद्युतचुंबकीय लहरी खरोखर असतात हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये सिद्ध केले होते. या लहरी प्रकाशासारख्याच वागतात का, हे बोस यांना तपासायचे होते. पण लहर जितकी लांब, तितके लोलक आणि आरसेही मोठे लागतात, म्हणून त्यांनी लहरच आखूड केली. अशा आखूड लहरींसाठी त्यांनी कर्ण्याच्या आकाराचा अँटेना आणि लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्या वापरल्या. रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचे वर्ख घालून त्यांनी लहरींचे ध्रुवीकरण घडवले, म्हणजे त्यांची कंपने एकाच दिशेत आणली, आणि पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून जाताना ध्रुवीकरणाची दिशा कशी वळते हेही दाखवले. इतक्या साध्या वस्तूंतून इतका सूक्ष्म प्रश्न सोडवणे, हा मला त्यांच्या प्रतिभेचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली व बंदुकीची दारू उडवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

बिनतारी संदेशवहन विकसित करणारे इटालियन संशोधक मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून संकेत टिपला, तेव्हा वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहक यंत्राचे बोस यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेशी जवळचे नाते होते. बिनतारी संदेशाचे श्रेय मार्कोनींचे की बोस यांचे, हा वाद महत्त्वाचा आहेच. पण दोघांची उद्दिष्टे निराळी होती. संदेश समुद्रापार नेण्यासाठी त्या काळी लांब लहरीच उपयोगी होत्या. तार कंपनीच्या एका मालकाने पेटंटसाठी केलेला आग्रह आपण नाकारल्याचे बोस यांनी १९०१ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांना कळवले होते. पुढे स्नेह्यांच्या आग्रहाने त्यांनी गॅलेना या खनिजाचा वापर करून लहरी टिपणाऱ्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यानंतर ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले, १९१७ मध्ये त्यांनी बोस संस्था स्थापन केली, आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आखूड लहरी मात्र बराच काळ प्रयोगशाळेबाहेर फारशा पडल्या नाहीत, कारण त्या दूर जात नाहीत, भिंतींतून जाताना बऱ्याच क्षीण होतात आणि त्यांना हाताळणारी स्वस्त अर्धवाहक (सेमीकंडक्टर) उपकरणे तेव्हा नव्हती. २०२२ मध्ये भारतात ५जीसाठी लिलावात निघालेल्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण साडेअकरा मिलिमीटर आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५जी सेवा मिळालेल्या पहिल्या काही शहरांत नागपूर होते.