पोट साफ व्हायची गोळी आणि कोमट दूध

रोज कुणीतरी काउंटरवर वाकून हळूच म्हणतं, "पोट साफ व्हायची गोळी द्या की." देतो. त्यातलेच काही जण दुसऱ्या दिवशी पोट धरून येतात. "कसली गोळी दिली मालक, रात्रभर मुरडा!" खोदून विचारलं की कळतं, गोळी कोमट दुधाबरोबर घेतलेली.

रात्री दूध-तूप घेतलं की पोट साफ होतं, हे आपण आजीपासून ऐकतोय. मग गोळीही त्याच पेल्याबरोबर जाते. पण ही गोळी म्हणजे बिसाकोडिल नावाचं औषध, आणि तिला वरून एक थर असतो. तो जठराच्या आम्लात टिकावा आणि पुढे आतड्यात विरघळावा, अशी रचना आहे, कारण या औषधाचं काम मोठ्या आतड्यात. दुधाने किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाने आम्ल कमी झालं की थर जठरातच सुटतो, मग मळमळ आणि कळा. चावून किंवा मोडून घेतली तरी तेच. गोळी अख्खी, साध्या पाण्याबरोबर गिळा. दूध किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध आणि ही गोळी यांत किमान एक तास जाऊ द्या.

गुण यायला ६ ते १२ तास लागतात. दहाला घेतली आणि बारापर्यंत काही झालं नाही म्हणून दुसरी घेतली, की सकाळी दोन्हींचा हिशेब एकदम होतो. मोठ्या माणसाने ५ मिलिग्रॅमच्या एकाच गोळीने सुरुवात करावी. लूमवर रात्रपाळी असेल तर तास मोजून घ्या. पोट पूर्ण रिकामं झाल्यावर एखाद-दोन दिवस संडासला होत नाही. तेव्हा पुन्हा गोळी घेतली की सवय तिथूनच लागते.

"आम्ही चूर्णच घेतो, आयुर्वेदिक," म्हणणाऱ्यांनी डबा फिरवून वाचावा. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, आणि तीही आतड्याला ढकलणारीच. चूर्णावर गोळी नको.

दहाची पट्टी मागितली तर आम्ही चारच कापून देतो, वर चौकशा करतो, म्हणून काही जण चिडतात. चिडू देत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही गोळी आठवड्याहून जास्त घ्यायची नसते. चौकशा यासाठी, की लोहाच्या गोळीने, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाने, बीपीच्या काही गोळ्यांनीही संडासला घट्ट होतं. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयाचं डिगॉक्सिन हे औषध चालू असेल, तर जुलाबाने पोटॅशियम उतरून हृदयाला धोका होऊ शकतो. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच. पोट जोरात दुखतंय, उलट्या होतायत, वारा सरत नाही किंवा रक्त पडतंय, तर ओळख कितीही असो, गोळी मिळणार नाही. थेट दवाखाना गाठा.

रोजचीच तक्रार असेल तर इसबगोल बरा, मात्र मोठा पेलाभर पाण्यात आणि कालवल्या कालवल्या. गुणाला दोन-तीन दिवस द्या. सोलापूरचा उन्हाळा, त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत अडकायचा. आमच्याकडे मोठं पाकीट आहे, एका वेळची पुडीही आहे.

येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. गर्दी असली तर कडेच्या स्टुलावर बसा, चारचौघांत बोलावं लागणार नाही.