पार्श्वभूमी : शंकरराव, जायकवाडी आणि चाळीस वर्षांनी आलेला कायदा

ऑक्टोबर लागला की मराठवाड्यात चौकशी सुरू होते : नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, किती टक्के? वरून, नाशिक-नगरच्या धरणांतून, पाणी सुटणार का? वरची धरणं आणि जायकवाडी यांच्यातला हा पाणीवाटपाचा वाद समजून घ्यायचा तर माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांपासून सुरुवात करावी लागते.

पैठणला 1920 साली जन्म, हैदराबादच्या उस्मानियातून कायद्याची पदवी. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर वकिली सोडून ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. पुढे नांदेडचे नगराध्यक्ष, उपमंत्री आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर पाटबंधारे मंत्री. खरा शंकरराव दिसतो तो याच खात्यात. पुढे ते केंद्रात गृहमंत्रीही झाले, पण मराठवाड्याने त्यांना लक्षात ठेवलं ते पाण्यासाठी.

जायकवाडी हे गाव मुळात बीड जिल्ह्यातलं. हैदराबाद राज्याच्या काळात धरण तिथे होणार होतं. जागा नदीच्या वरच्या बाजूला, पैठणला सरकली; नाव मात्र तेच राहिलं. पाण्याखाली गेलेली जमीन एकट्या पैठणची नव्हती. शेवगाव, नेवासा, गंगापूरचीही गेली. त्यामुळे विरोध आधीपासूनच होता. लालबहादूर शास्त्रींनी 1965मध्ये पायाभरणी केली, 1976मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132, थेट माजलगावपर्यंत. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला मात्र आवर्तन (ठरलेल्या पाळीचं पाणी) सुटलं तरी पाणी दिसेल याची खात्री नसते.

फायलीत नाक खुपसून बसणारे, शिस्तीचे म्हणून त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. मुख्यमंत्रिपदाच्या दुसऱ्या कारकिर्दीत (1986 ते 1988) त्यांनी आठमाही पाण्याचं धोरण पुढे रेटलं. बारमाही उसाला पाणी कमी, जास्त शेतकऱ्यांना थोडं थोडं, असा त्याचा अर्थ. साखर पट्ट्याला ते रुचणं शक्यच नव्हतं.

माझ्या मते त्यांच्या कामातली खरी उणीव इथेच राहिली : पैठणला भिंत उभी राहिली, पण वरच्या धरणांनी किती पाणी अडवायचं याला कायद्याचा लगाम नव्हता. एका वकिलाच्या हातून हे राहून जावं, हे जरा खटकतंच. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला 2005मध्ये, शंकरराव गेल्याच्या पुढच्या वर्षी. त्यातल्या समन्यायी (सगळ्यांना न्याय्य) वाटपाच्या कलमावरूनच 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा आदेश प्राधिकरणाने 2014मध्ये दिला. त्याविरुद्ध वरची मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. 2016च्या निकालाने समन्यायी वाटप उचलून धरलं.