डीजे (ग्रामीण विदर्भ) : रेकॉर्ड आणि डिजिटल संगीत

दोन फिरत्या रेकॉर्डवरची गाणी खंड न पडू देता एकमेकांत मिसळत नेणे, ही डीजेची मूळ कला. ती पुढे सीडी, लॅपटॉप आणि पेनड्राइव्हवर आली आणि ‘रेकॉर्ड बरी की फाइल’ हा वाद शहरांतल्या जाणकारांत सुरू झाला. ग्रामीण विदर्भात तो वाद त्या रूपात झालाच नाही. इथे रेकॉर्ड होती तेव्हा डीजे नव्हता, आणि डीजे आला तेव्हा रेकॉर्डची पेटी माळ्यावर गेलेली होती. मधला काळ कॅसेटचा. त्यामुळे या भागापुरती दोन्हींची तुलना करताना आवाजाच्या गोडव्याआधी ऊन, धूळ, वीज आणि गाडीचे हादरे यांचा हिशेब करावा लागतो.

बिछायत केंद्रातली रेकॉर्ड

मांडव, सतरंज्या, गाद्या, भांडी आणि रोषणाई भाड्याने देणाऱ्या दुकानाला विदर्भात बिछायत केंद्र म्हणतात. लाऊडस्पीकरही तिथूनच येई. एक अ‍ॅम्प्लिफायर, वीज नसेल तेथे बारा व्होल्टची बॅटरी, सूटकेससारखा मिटणारा प्लेअर, रेकॉर्डची पेटी आणि एक-दोन भोंगे, एवढा पसारा. भोंगा लिंबाच्या झाडावर किंवा उंच बांबूवर बांधला की शेजारच्या गावालाही लग्न कळे. थोड्या वॅटमध्ये आवाज लांबवर फेकण्यात भोंग्याचा हात कोणी धरू शकत नाही. खालचे सूर मात्र त्याला पेलत नाहीत. डग्गा जवळजवळ नाहीसा होई, गळा आणि सनई लख्ख ऐकू येई. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण नाचायला डफडे आणि बँड वेगळे असत. रेकॉर्ड वाजे ती गावाला लग्नघर कळावे म्हणून.

जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड व्हिनाइल या प्लास्टिकच्या नसत. त्यांत लाखेपासून केलेली चपडी आणि खनिजांची भुकटी असे. ग्रामोफोन कंपनीने कोलकात्यात सियालदहला १९०८ मध्ये कारखाना काढला आणि देशभरच्या रेकॉर्ड तिथे निघू लागल्या. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर लाख घेतली जाते. म्हणजे वस्तू परकी वाटली तरी तिच्यातला माल इथल्या माणसाच्या ओळखीचाच होता. दहा इंची ७८च्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. व्हिनाइलची ३३⅓ फेऱ्यांची एलपी (लाँग प्ले) रेकॉर्ड अमेरिकेत १९४८ मध्ये आली, ४५ फेऱ्यांची लहान रेकॉर्ड १९४९ मध्ये. एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले.

तीन-चार मिनिटांनी रेकॉर्ड बदलायची म्हणजे प्लेअरपाशी सतत कोणीतरी हवा. गाणे संपत आले की पुढची रेकॉर्ड फडक्याने पुसून हातात धरायची, सुई उचलायची, टाकायची. मधली शांतता कोणाला खटकत नसे. उलट तिचा उपयोग होता: माइक हाती घेऊन कोणत्या गावचे पाहुणे आले, पंगत कधी बसणार, कोणाचे पोर हरवले, हे त्याच फटीत सांगितले जाई. जी फट बुजवण्यासाठी जगभरच्या डीजेंनी दोन दोन प्लेअर जोडले, ती इथे कामाची होती.

खरा शत्रू ऊन. लग्नसराई एप्रिल-मेची, आणि तेव्हा विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. व्हिनाइल साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किंवा पत्र्याच्या पेटीत एवढी धग सहज होते. वाकलेल्या रेकॉर्डवर सुई हेलकावे खाते आणि सूर डोलू लागतो. जोडीला कच्च्या रस्त्याची धूळ. ती खाचेत बसली की सुई तिला रगडत नेते आणि खरखर कायमची होते.

रेकॉर्डवरची डीजेगिरी इथे का रुजली नाही

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका पार्टीत कूल हर्क या डीजेने रेकॉर्ड वाजवल्या. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर ठेवायच्या आणि गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आलटून पालटून लांबवायचा, ही त्याची युक्ती हिपहॉपच्या मुळाशी आहे. या कामाला टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा प्लेअर उपयोगी पडला. पट्ट्याऐवजी मोटरच थेट तबकडी फिरवत असल्याने हाताने रोखून सोडली की ती क्षणात वेग पकडे. १९७२ मध्ये आलेल्या या प्लेअरची सुधारित आवृत्ती १९७९ ची. तिच्यावरच्या सरकपट्टीने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो. दोन गाण्यांचा ताल जुळवणे म्हणजे कानाने ऐकत ही पट्टी सरकवणे. वेगाबरोबर स्वरही सरकतो, सुमारे सहा टक्क्यांना अर्धा स्वर. म्हणून गायकाचा गळा चिरका होऊ न देता जुळवणी करणे हे कसब.

विदर्भातल्या वरातीत हे साधन टिकले नसते. सुई खाचेत दोन-तीन ग्रॅमच्या भाराने टेकलेली असते. ट्रॅक्टरची ट्रॉली खड्ड्यातून गेली की ती उडणार. बेसचे खोके प्लेअरशेजारी असले तर त्यांचा हादरा सुईत शिरतो, तोच पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि घुमणे सुरू होते. शिवाय एका रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या, त्याही नाचासाठी मुद्दाम लांबवलेल्या बाराइंची. तसा माल तालुक्याच्या दुकानात येत नव्हता. रेकॉर्ड मोठ्या शहरांतल्या डिस्कोत रुजली, कारण तिथे थंड हवा, स्थिर ओटा आणि भरवशाची वीज होती.

१९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि रेकॉर्डचा कारभार आटोपला. भजने, भीमगीते, कीर्तने, वऱ्हाडी विनोद सगळे कॅसेटवर मिळू लागले, आणि कोणतीही कॅसेट घरच्या घरी उतरवून घेता येऊ लागली.

फाइल, पेनड्राइव्ह आणि छोटा हत्ती

आज गावात ‘डीजे सांगितला’ म्हणजे माणूस नव्हे, आख्खी गाडी सांगितली. छोट्या हत्तीवर (टाटा एस टेम्पोवर) किंवा ट्रॉलीवर खाली बेसचे खोके, वर टॉप म्हणजे उंच सुरांचे स्पीकर, मागे जनरेटर, आणि मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह या साऱ्यात सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त. एमपी३ फाइल दर सेकंदाला ३२० किलोबिटची असेल तर मिनिटाला सुमारे अडीच एमबी लागतात; १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर शंभरावर तास गाणी बसतात. पेटी नाही, सुई नाही. हादऱ्यांचे भय नाही. रेकॉर्डची रवानगी मुख्यतः याच गोष्टींनी केली. आवाजाच्या दर्जाचा प्रश्न त्यात आलाच नाही.

वरातीत गाडीवर उभा असलेला मुलगा बहुधा दोन फाइली जुळवत बसत नाही. पुढचे गाणे निवडतो आणि फर्माइशी झेलतो. यावरून त्याला नुसता बटण दाबणारा म्हणणे अन्यायाचे आहे. खरे काम घरी झालेले असते. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा ताल एकसारखा करायचा (इथे स्वर न हलवता वेग बदलता येतो), खाली जाड ठोका घालायचा आणि मध्येमध्ये स्वतःचे नाव घुमवायचे. ते नाव जाहिरातीचे काम करते आणि रिमिक्स चोरणाऱ्यालाही आडवे येते. नागपूर-भंडारा-गोंदियाकडे धुमाल जोरात आहे: गाडीवर कीबोर्ड, पॅड आणि ढोल घेऊन वाजवणारी जिवंत मंडळी. त्यांचा ठेका डीजेंनी उचलला आणि ‘धुमाल मिक्स’ नावाच्या फाइली फिरू लागल्या. हळद, गणपती-दुर्गा विसर्जन, १४ एप्रिलची भीमजयंती, प्रत्येकाचे फोल्डर वेगळे.

आवाजाचा हिशेब

रेकॉर्डचा आवाज ऊबदार, डिजिटलचा कोरडा, असे म्हणण्याची रीत आहे. रेकॉर्डवर खालचे सूर मुद्दाम दाबून कोरलेले असतात, नाहीतर खाच फार रुंद होऊन वेळ कमी मावला असता. वाजवताना प्री-अ‍ॅम्प्लिफायर ते पुन्हा उचलतो. बिछायत केंद्राच्या घासलेल्या सुईवर आणि भोंग्यावर त्यातले फारसे काही पोचतच नसे. सीडीच्या दर्जाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची, फाइल त्याहून कितीतरी स्वच्छ. पण गावातल्या गाडीवर तशी फाइल क्वचितच असते. यूट्यूबवरून उतरवलेले गाणे, त्याचा रिमिक्स, पुन्हा एमपी३, मग मोबाइलवरून मोबाइलवर. प्रत्येक वेळी दाबताना थोडे गाणे गळते. झांज आधी जाते, तिची नुसती सळसळ उरते. वर मशीन पूर्ण ताणले की लहरींची डोकी कापली जातात आणि टॉपची युनिटे जळतात. दोष डिजिटलचा नाही, उताऱ्याच्या उताऱ्याचा आणि ताणलेल्या मशीनचा आहे.

दोन्हींचा मेळही निघाला आहे. २००० नंतरच्या दशकात आलेल्या पद्धतीत खास रेकॉर्डवर गाण्याऐवजी संकेत कोरलेला असतो. हात रेकॉर्डवर, गाणे लॅपटॉपमधून. शहरांतल्या स्क्रॅच करणाऱ्यांनी, म्हणजे हाताने रेकॉर्ड पुढेमागे घासून ताल काढणाऱ्यांनी, ती उचलली. गावाकडचा शिकाऊ मुलगा मात्र सरळ छोटा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताळायची बटणे-चकत्यांची पेटी) घेतो, आणि ते शहाणपणाचेच आहे.

कायदा

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, जी बेसचे चार खोके सुरू होताच ओलांडली जाते. गाण्याच्या हक्कांबाबत कायदा बराच सैल आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक समारंभात गाणे वाजवणे हा हक्कभंग नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरातही धरली आहे. ही सूट फक्त वाजवण्याला आहे. दुसऱ्याच्या गाण्यावर ठोका घालून, आपले नाव घुमवून ती फाइल विकणे तिच्यात बसत नाही.