लिऊ सम्राज्ञी (सोंग वंश)

लिऊ, सम्राज्ञी : (सुमारे ९६९–१०३३). चीनमधील उत्तर सोंग वंशाचा तिसरा सम्राट झेनझोंग (कारकीर्द ९९७–१०२२) याची पत्नी आणि त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षे राज्याचा कारभार पाहणारी राजमाता. पडद्याआड बसून दरबार चालवणारी सोंग वंशातील ही पहिलीच स्त्री. अधिकृत इतिहासात तिचे स्वतःचे नाव आढळत नाही. आढळते ते फक्त लिऊ हे आडनाव. ‘लिऊ अ’ हे आज सर्रास वापरले जाणारे नाव नंतरच्या कथा-नाटकांतून आले. दरबारी कागदपत्रे तिला तिच्या त्या त्या वेळच्या दर्जानेच ओळखतात, आणि तिचे चरित्र म्हणजे बऱ्याच अंशी या बदलत्या दर्जांचीच गोष्ट आहे.

तिचे बालपण आजच्या सिचुआन प्रांतातील चेंगडूच्या परिसरात गेले. सोंग इतिहासानुसार तिचे वडील लिऊ तोंग हे लष्करी अधिकारी होते व स्वारीवर असताना वाटेतच वारले. पोरकी मुलगी आजोळी वाढली. सम्राज्ञी झाल्यावर घराण्याची वंशावळ तयार करवून घ्यावी लागते, त्यामुळे ही माहिती जरा जपूनच घ्यावी असे अनेक अभ्यासक मानतात. तिची पुढची वाटचाल अधिकाऱ्याच्या मुलीसारखी नक्कीच नव्हती. तिला ‘ताओ’ हे वाद्य छान वाजवता येई. आपल्या डमरूला खालून दांडा लावावा आणि तो दोन तळव्यांत घोळवावा, तसे हे वाद्य. चांदीकाम करणारा गोंग मेई नावाचा कारागीर तिला राजधानी काइफंगला घेऊन आला. तो तिचा नवरा होता असे काही जुनी साधने सांगतात. पुढे हाच गोंग मेई आडनाव बदलून लिऊ मेई झाला आणि दरबारात तिचा थोरला भाऊ म्हणून वावरू लागला. या नात्याविषयी उघडपणे विचारण्याची सोय अर्थातच कुणाला नव्हती.

पंधराव्या वर्षी ती एका राजपुत्राच्या वाड्यात आली. हाच पुढचा झेनझोंग. राजपुत्राची दाई कडक स्वभावाची होती. तिला ही मुलगी पसंत पडली नाही आणि तिने गोष्ट थेट राजपुत्राचे वडील सम्राट ताइझोंग यांच्या कानावर घातली. लिऊला वाड्याबाहेर काढण्याचा हुकूम झाला. राजपुत्राने तिला चांग ची नावाच्या आपल्या पदरच्या माणसाकडे ठेवले. वडील मरेपर्यंत तिला उघडपणे परत आणता आले नाही. ९९७ मध्ये झेनझोंग गादीवर आला आणि मगच ती राजवाड्यात शिरली. तोवर तिची ऐन तारुण्याची वर्षे दुसऱ्याच्या घरी, लपून राहण्यात गेली होती. त्या काळात ती काय करत होती याबद्दल साधने गप्प आहेत. पण राजवाड्यात आली तेव्हा तिला लिहितावाचता येत होते, इतिहास पाठ होता आणि दरबारी कागद एकदा नजरेखालून गेला की त्यातले सगळे तिच्या ध्यानात राहत असे.

सोंग अंतःपुरात स्त्रियांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सर्वांत वर सम्राज्ञी, एकच. तिच्याखाली ‘फेई’ दर्जाच्या मोजक्या राण्या, त्यांच्याखाली ‘पिन’ वर्गातल्या, मग ‘च्येयू’, ‘मेइरेन’, ‘त्साइरेन’ अशी उतरण आणि तळाशी कामकरी दासी. प्रत्येक पायरीला वेतन, कपडे, दागिने, सेवक यांचे वेगळे मान होते आणि बढतीसाठी सम्राटाचा लेखी हुकूम लागे. लिऊ १००४ मध्ये मेइरेन झाली, १००९ मध्ये पिन वर्गात गेली, १०१२ मध्ये आधी ‘द-फेई’ व त्याच वर्षाच्या अखेरीस सम्राज्ञी झाली. यादी वाचताना चढण सोपी वाटते, पण प्रत्यक्षात सम्राटालाही आपल्याच बायकोला वर चढवताना मंत्र्यांशी झगडावे लागले. तिला एकदम वरच्या फेई दर्जावर नेण्याची चिठ्ठी झेनझोंगने मुख्यमंत्री ली हांगकडे पाठवली, तेव्हा त्याने दूतासमोरच ती मेणबत्तीवर धरून जाळली आणि सांगितले, ‘ली हांगला हे पटत नाही, एवढाच निरोप द्या.’ त्याचे काही वाकडे झाले नाही. सोंग काळातल्या मंत्र्यांचे वजन केवढे होते हे समजायला ही एक चिठ्ठी पुरे.

१००७ मध्ये आधीची सम्राज्ञी गुओ वारली आणि जागा रिकामी झाली. लिऊचे कूळ हलके आणि तिला मूल नाही, हे दोन आक्षेप होते. पहिला पुसता येण्यासारखा नव्हता. दुसऱ्यावर मात्र उपाय निघाला. तिच्या सेवेतील ली नावाची दासी सम्राटापासून गरोदर राहिली. सम्राटाबरोबर एका उंच चौथऱ्यावर चढताना लीच्या केसांतला जेड या मौल्यवान दगडाचा काटा निसटून खाली पडला. सम्राटाने मनात कौल लावला : काटा अखंड राहिला तर मुलगा. काटा उचलून आणला, तो न तुटलेला. १०१० मध्ये मुलगा झाला. लिऊने त्याला आपला म्हणून घेतले, त्याच्या रोजच्या संगोपनाचे काम आपल्या मर्जीतल्या यांग राणीकडे सोपवले आणि ली आपल्या खालच्या पायरीवरच राहिली. मुलाने दोघींना ‘थोरली आई’ आणि ‘धाकटी आई’ अशा अर्थाची नावे पाडली होती. त्याला कफाचा त्रास असल्याने थोरलीने कोळंबी आणि खेकडे बंद केले. धाकटी चोरून खाऊ घालायची आणि ‘माझ्या लेकराचे एवढे हाल कशाला?’ म्हणायची. मोठेपणी या मुलाची माया कुणाकडे जास्त होती हे सांगायला नको. खऱ्या आईबद्दल मात्र त्याला कुणी काही सांगितले नाही.

सम्राज्ञीपदाचा हुकूम लिहायला यांग यी या नामवंत लेखक-अधिकाऱ्याने नकार दिला. ‘हे लिहा, मग वैभवाची चिंता नको’ असे सांगणाऱ्याला त्याने उत्तर दिले की असले वैभव आपल्याला नकोच. शेवटी दुसऱ्याकडून मजकूर घेतला गेला आणि समारंभ जवळजवळ गुपचूपच उरकला.

१०१९–२० च्या सुमारास झेनझोंग आजारी पडला, त्याची वाणी व स्मृती दगा देऊ लागली. कागद अंतःपुरात जाऊ लागले आणि निर्णय लिऊ घेऊ लागली. मुख्यमंत्री कोउ झुनने युवराजाच्या नावाने कारभार चालवून तिला बाजूला सारण्याचा बेत केला; तो फुटला, कोउ झुनचे पद गेले आणि अखेर त्याची रवानगी दक्षिणेकडे लेइझोउला झाली. त्याला हटवण्यात पुढाकार घेणारा मंत्री डिंग वेई तिचा मित्र मानला जाई. पण १०२२ मध्ये झेनझोंग वारल्यावर लीचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा रेनझोंग म्हणून गादीवर बसला, तेव्हा डिंग वेईने अशी व्यवस्था सुचवली की महत्त्वाचे कागद खोजा लेई युनगोंगमार्फत आतबाहेर व्हावेत, म्हणजे किल्ली या दोघांच्या हाती. तेवढ्यात लेई युनगोंगने मृत सम्राटाच्या थडग्याची जागा परस्पर बदलली. तिथे खोदताना पाणी लागले. खोज्याला देहान्त शासन झाले आणि डिंग वेई थेट हाइनान बेटावर पोहोचला. पाणी लागलेल्या एका खड्ड्याने लिऊची वाट मोकळी केली, असे म्हणायला हरकत नाही.

यानंतर मंत्री वांग झेंगने सुचवलेली पद्धत लागू झाली. दर पाच दिवसांनी दरबार भरे. बालसम्राट डावीकडे, राजमाता उजवीकडे आणि तिच्यापुढे पडदा. मंत्री पडद्याला उद्देशून बोलत. पुढे सोंग वंशात त्साओ, गाओ आदी राजमातांनी असाच कारभार केला. नमुना हाच होता.

तिच्या कारभाराची प्रत चांगली होती. झेनझोंगच्या काळात १००८ पासून ‘स्वर्गातून उतरलेली पत्रे’ (देवाने सम्राटाला पाठवले असे सांगितलेले लेख) या प्रकरणाने खजिना रिकामा होत आला होता. मंत्र्यांच्या सल्ल्याने ती पत्रे सम्राटाबरोबरच पुरली गेली. त्या पत्रांसाठी बांधलेला भव्य मंदिरसमूह १०२९ मध्ये वीज पडून जळाला. लिऊ रडली, पुन्हा बांधावा असे तिच्या मनात होते; मंत्र्यांनी विरोध केला आणि तो पुन्हा उभा राहिला नाही. तिच्याच काळात, १०२३ मध्ये, चेंगडूत सरकारी ‘ज्याओझी’ कचेरी स्थापन झाली. सिचुआनमध्ये लोखंडी नाणी चालत. ती इतकी जड की बाजाराला जाणाऱ्याचे खांदे भरून येत. म्हणून तिथल्या सोळा श्रीमंत व्यापारी घराण्यांनी कागदी पावत्या चालवल्या होत्या, पण त्यांची पत ढासळली. सरकारने हे काम स्वतःकडे घेतले आणि १०२४ मध्ये १२,५६,३४० माळांच्या किमतीच्या पावत्या काढल्या (नाणी दोरीत ओवत, म्हणून माळ). जगातील पहिले सरकारी कागदी चलन ते हेच. कल्पना स्थानिक अधिकाऱ्यांची. पण जिथे लिऊ वाढली त्याच गावचा हा प्रश्न होता, ही गोष्ट लक्षात राहते.

माणसांबाबत ती सावध होती. झेनझोंगच्या अंत्यविधीनंतर तिने मंत्र्यांना आपापल्या नातेवाइकांची नावे द्यायला सांगितले, सगळ्यांवर कृपा करायची आहे म्हणून. सगळ्यांनी हौसेने याद्या दिल्या. तिने त्यांचा तक्ता करून शयनगृहाच्या भिंतीवर लावला आणि पुढे कुणाची नेमणूक आली की आधी तक्ता बघायची. नाव सापडले तर नेमणूक अडली. ही आख्यायिका असेलही, पण तिच्या स्वभावाला शोभते. कुणी अधिकारी आपल्या भागातले शिलकी धान्य खजिन्याला द्यायला आला, तर तिने विचारले, ‘वांग झेंग, ल्यू यीज्येन, लू झोंगदाओ या मंत्र्यांना ओळखता ना? ते काय शिल्लक धान्य देऊन वर आले?’ माहेरच्यांना जेवण पाठवताना ती राजवाड्यातली भांडी बदलायला लावी. सरकारी भांडी आमच्या घरात जायला नकोत, असे तिचे म्हणणे. स्वतः साध्या रेशमात असे. रेनझोंगच्या अंतःपुरातील स्त्रियांचे दागिने पाहून तिच्या दासी कुरकुरल्या, तेव्हा ‘ते सम्राटाच्या राण्यांचे, तुम्हाला कसे शोभतील?’ म्हणून तिने गप्प केले.

मात्र स्वतःचा मान कुठवर न्यावा याबाबत ती सतत चाचपून पाहत होती. तिच्या वडिलांच्या नावातले अक्षर लिहायला देशभर बंदी झाली. एकदा तिने लू झोंगदाओला विचारले, ‘तांग काळातली वू झेत्यान कशी होती?’ वू झेत्यान ही चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपदी बसलेली एकमेव स्त्री. उत्तर आले : ‘तांग वंशाची गुन्हेगार, राज्य बुडता बुडता राहिले.’ ती काही बोलली नाही. पुढे चेंग लिन नावाच्या अधिकाऱ्याने वू झेत्यानच्या दरबाराचे चित्र भेट दिले, तेव्हा तिने ते जमिनीवर फेकले आणि पूर्वजांशी असा द्रोह आपण करणार नाही असे सांगितले. सम्राटाबरोबर मंदिरात जाताना तिची गाडी पुढे ठेवायची ठरली, तेव्हा लू झोंगदाओने आडकाठी केली आणि तिने गाडी मागे घेतली. १०२९ मध्ये रेनझोंगने सर्व अधिकाऱ्यांसह तिला वंदन करावे असे ठरले. फान झोंगयेन नावाच्या अधिकाऱ्याने लेखी विरोध केला, कारभार सम्राटाकडे सोपवा असेही सुचवले. त्याची बदली झाली, डोके शाबूत राहिले.

१०३३ च्या वसंतात तिने शेवटची मजल मारली. सोंग पूर्वजांच्या देवळात पूजेसाठी तिला सम्राटाचा पोशाख घालायचा होता. मंत्री श्वे क्वेईने विचारले, त्या कपड्यांत तुम्ही पूर्वजांना वंदन पुरुषासारखे करणार की स्त्रीसारखे? तडजोड अशी निघाली की पोशाख सम्राटाचा, पण त्यावरची बारापैकी दोन चिन्हे काढलेली आणि कमरेला तलवार नाही. इतक्या मापात तोललेला पोशाख घालून ती पूजेला गेली. महिना-दीड महिन्यात ती वारली. शेवटी तिला बोलता येत नव्हते. पण ती अंगावरचे कपडे पुनःपुन्हा ओढत होती. रेनझोंगने रडत विचारले, आईला काय सांगायचे होते? श्वे क्वेई म्हणाला, सम्राटाचे कपडे अंगावर. तसे ती स्वर्गस्थ सम्राटांना कशी भेटेल? मग तिला सम्राज्ञीच्या पोशाखात दफन केले. तिच्या हातांनी खरेच हेच सांगितले का, ते श्वे क्वेईलाच ठाऊक. त्याचे मत मात्र आधीपासून सर्वांना ठाऊक होते.

तिच्या मृत्यूनंतर रेनझोंगला आपली खरी आई ली होती आणि ती वर्षभरापूर्वी वारली, हे कळले. तिला विष दिल्याचीही कुजबूज होती. सैनिकांनी लिऊंची घरे वेढली आणि लीची शवपेटी उघडली गेली. पेटीत पारा भरलेला होता, चेहरा जिवंत माणसासारखा, अंगावर सम्राज्ञीचा पोशाख. १०३२ मध्ये ल्यू यीज्येनने लिऊला बजावले होते : लिऊ घराण्याचा विचार करायचा नसेल तर मी बोलत नाही, करायचा असेल तर या बाईचा अंत्यविधी थाटाने व्हायला हवा. तो सल्ला तिने मानला होता. पेटीत पाहून सम्राट म्हणाला, लोकांच्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवायचा! लिऊ घराण्याला त्याने उलट अधिक मानाने वागवले.

लोककथेने मात्र दुसराच निकाल दिला. युआन काळच्या नाटकांपासून एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांपर्यंत वाढत गेलेल्या कथेत दुष्ट लिऊ बाळाच्या जागी कातडी सोललेले रानमांजर ठेवते, ली आंधळी होऊन भीक मागते आणि कित्येक वर्षांनी न्यायाधीश बाओ झेंग तिला न्याय मिळवून देतो. आजही चिनी रंगभूमीवर ही कथा लोकप्रिय आहे. खरा बाओ झेंग (९९९–१०६२) १०२७ मध्ये सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला खरा, पण म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करण्यासाठी नोकरी सोडून घरी बसला होता. शवपेटी उघडली गेली त्या वर्षी तो दरबाराच्या आसपासही नव्हता.