घरच्या मैदानावर पाहुणा फुटबॉल

२९ ऑक्टोबर २०१८ च्या सोमवारी रात्री लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये टॉटनहॅम हॉटस्पर आणि मँचेस्टर सिटी यांच्यात प्रीमियर लीगचा सामना झाला. टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियमचे काम रखडले होते आणि तोवर वेम्बली हेच त्यांचे बिऱ्हाड होते. प्रेक्षक जागेवर बसून पाहतात तर मैदानाच्या मधोमध अमेरिकन फुटबॉलच्या ‘एनएफएल’ या लीगचे बोधचिन्ह फिकट, पण सहज ओळखू येईल असे उमटलेले होते. यार्डांच्या आडव्या रेघा पुसूनही पुसल्या गेल्या नव्हत्या आणि मधल्या पट्ट्यातले गवत जागोजागी उखडलेले होते. आदल्याच दिवशी तिथे फिलाडेल्फिया ईगल्स आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स खेळून गेले होते आणि त्या महिन्यातला वेम्बलीवरचा तो तिसरा एनएफएल सामना होता. सिटीने १-० असा विजय मिळवला, पण दुसऱ्या दिवशी चर्चा गोलाइतकीच गवताचीही झाली.

फुटबॉलचा चाहता आपल्या घरच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉल पाहायला उत्सुक असतो का, या प्रश्नाचे उत्तर सहसा आवडीनिवडीच्या भाषेत दिले जाते. मला मात्र ते उत्तर जमिनीखालच्या वीसेक सेंटिमीटरमध्ये दडलेले दिसते. चाहत्याला पाहुण्या खेळाविषयी कुतूहल असते, पुष्कळ असते. परंतु पाहुणा घराची नासधूस करून जाणार नाही याची खात्री पटेपर्यंत ते मोकळेपणाने बाहेर येत नाही. ही खात्री वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र आणि स्थापत्य यांनी कशी मिळवून दिली, ती गोष्ट खेळाइतकीच रंजक आहे.

आधी कुतूहलाविषयी. ते अलीकडचे नाही. ब्रिटनमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या चॅनल फोर या वाहिनीने अमेरिकन फुटबॉल घराघरांत नेला आणि ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो बेअर्स व डॅलस काउबॉइज यांचा मैत्रीपूर्ण सामना पाहायला जुन्या वेम्बलीत ऐंशी हजारांहून अधिक लोक जमले. फ्रँकफर्टमध्ये तर आइनट्राख्ट या फुटबॉल क्लबच्या मैदानावरच ‘फ्रँकफर्ट गॅलक्सी’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९९१ पासून, मधला दोन वर्षांचा खंड सोडला तर, २००७ पर्यंत खेळत होता. त्यामुळे २०२३ मध्ये एनएफएलचे दोन सामने त्या शहरात आले तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना नियम नव्याने समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण आपल्याच नेहमीच्या खुर्चीवर बसून दुसरा खेळ पाहताना मनात काय घडते? रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत केलेले एक साधे निरीक्षण १९७६ साली प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढत असे; शिवाय विजयाबद्दल बोलताना ‘आपण जिंकलो’ आणि पराभवाबद्दल बोलताना ‘ते हरले’ असा सर्वनामांचा फरकही दिसे. चाहता असणे म्हणजे या ‘आपण’मध्ये स्वतःला गुंतवणे आणि त्याची किंमत शरीरालाही मोजावी लागते. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांचे प्रमाण एरवीच्या २.६६ पट झाले होते, असे २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

त्याच म्युनिकच्या अलियान्झ अरेनात १३ नोव्हेंबर २०२२ रोजी टँपा बे बकनीअर्स आणि सिअ‍ॅटल सीहॉक्स यांचा, जर्मनीतला पहिला नियमित एनएफएल सामना झाला. एरवी बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबच्या लाल रंगाने भरणाऱ्या त्या स्टेडियममध्ये जवळजवळ सत्तर हजार माणसे होती, अंगात नाना संघांचे शर्ट होते आणि शेवटाकडे सगळ्यांनी मिळून एक जुने अमेरिकन गाणे असे काही म्हटले की खेळाडूही थक्क झाले. माझ्या मते या आनंदाचे मूळ ‘आपण’च्या अनुपस्थितीत आहे. तिथे बसलेल्या बहुतेकांची छाती निकालाच्या विचाराने धडधडत नव्हती. जागा मात्र ओळखीची होती. यी-फू तुआन या भूगोलतज्ज्ञाने माणसाच्या विशिष्ट जागेवरच्या जिव्हाळ्याला ‘टोपोफिलिया’ हा शब्द रूढ केला आणि जॉन बेल या क्रीडाभूगोलाच्या अभ्यासकाने तो फुटबॉलच्या मैदानांना लावून दाखवला. आपल्याकडे ज्याला माहेरची ओढ म्हणतात, त्याच जातीची ही भावना आहे. जिव्हाळ्याच्या जागी चिंतेविना बसायला मिळणे ही चाहत्याच्या वाट्याला क्वचित येणारी चैन होय.

हाच जिव्हाळा गवताच्या बाबतीत मात्र हळवा होतो, आणि त्याला कारण आहे. अमेरिकन फुटबॉल मैदानाला जी इजा करतो ती नेहमीच्या फुटबॉलपेक्षा वेगळ्या जागी आणि वेगळ्या प्रकारे करतो. नेहमीच्या फुटबॉलमध्ये बावीस खेळाडू १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद मैदानभर विखुरलेले असतात. झीज होते ती मुख्यतः गोलच्या तोंडाशी. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू कुठेही अडला तरी पुढची चाल मैदानाच्या मध्यावरच्या दोन तुटक रेघांच्या दरम्यानच सुरू करावी लागते आणि एनएफएलमध्ये या रेघांतले अंतर फक्त १८ फूट ६ इंच, म्हणजे ५.६४ मीटर असते. एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा, सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे आडदांड खेळाडू समोरासमोर वाकून उभे राहतात आणि इशारा होताच बुटांचे खिळे जमिनीत रोवून एकमेकांना रेटतात. हा जोर खाली कमी आणि आडवा जास्त लागतो. अभियंते अशा आडव्या जोराला ‘कर्तन बल’ म्हणतात. कात्री कापडाचे दोन थर एकमेकांवरून सरकवून कापते, तसा हा जोर हिरवळीचा वरचा थर खालच्या थरावरून सरकवतो.

आधुनिक स्टेडियमची हिरवळ नेमकी इथेच नाजूक असते. पावसाचे पाणी झटपट निचरून जावे म्हणून ती मातीऐवजी जवळजवळ निव्वळ वाळूवर वाढवतात. वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यांना बांधून ठेवतात ती गवताची मुळे. इंग्लंडमध्ये वापरले जाणारे रायग्रास हे थंड हवेतले गवत साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढते. ऑक्टोबर सरत आला की लंडनमध्ये थंडी वाढते, सूर्य खाली येतो, स्टँडच्या छपराची सावली दिवसभर मैदानावर पडून राहते आणि उखडलेली जागा भरून निघण्याचा वेग अगदी मंदावतो. एनएफएलचे युरोपातले बरेचसे सामने नेमके याच दिवसांत येतात. रंगांचा प्रश्न आणखी निराळा. बोधचिन्हे आणि अंक रंगवलेल्या पात्यांना पुरेसा प्रकाश मिळत नाही, आणि रंग धुऊन काढायचा म्हटले तर घासणे आलेच.

२८ ऑक्टोबर २००७ रोजी नव्या वेम्बलीवर न्यूयॉर्क जायंट्सने मायामी डॉल्फिन्सला १३-१० असे हरवले तेव्हा भर पावसात मैदानाचा चिखल झाला. चोवीस दिवसांनी त्याच मैदानावर इंग्लंड क्रोएशियाकडून ३-२ असे हरले आणि २००८ च्या युरो स्पर्धेतून बाहेर फेकले गेले. त्या पराभवाचे खापर गवतावर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण क्रोएशिया सरस खेळले. पण घरच्या प्रेक्षकांच्या मनात पाहुण्या खेळाविषयी अढी बसायला तेवढे पुरे होते.

२०१० साली वेम्बलीवर संकरित हिरवळ आली. शिवणयंत्रासारखे एक मोठे यंत्र मैदानभर फिरते आणि दर दोन सेंटिमीटरवर कृत्रिम धाग्यांचा झुपका २० सेंटिमीटर खोल टोचत जाते. एका मैदानात असे सुमारे दोन कोटी धागे जातात. वर डोकावतो तो धाग्याचा जेमतेम दोन सेंटिमीटर भाग. अशा मैदानातले एक ढेकूळ हातात घेऊन पाहिले तर पांढरी बारीक मुळे या धाग्यांना वेटोळे घालून खाली उतरलेली दिसतात. सिमेंटमध्ये लोखंडी सळ्या जे काम करतात तेच काम हे धागे वाळूत करतात आणि त्यामुळे आडवा जोर पुष्कळ पेलला जातो. पण मर्यादा याही उपायाला आहेत. २०१८ सालच्या त्या रात्री वेम्बलीच्या हिरवळीत हे धागे होतेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममधली नवी संकरित हिरवळ पाऊस आणि अतिवापर यांमुळे इतकी खराब झाली की रॅम्स आणि चीफ्स या एनएफएल संघांचा सामना सहा दिवस आधी लॉस एंजेलिसला हलवावा लागला. (आपल्या वाचकांना आठवत असेल, २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामनाही पावसाने खराब झालेल्या मैदानामुळे गुवाहाटीहून कोलकात्याला न्यावा लागला होता.) म्युनिकमधल्या त्या सामन्यातही टँपा बेचा नामांकित खेळाडू टॉम ब्रेडी चेंडू झेलायला धावताना त्या हिरवळीवर घसरून पडला आणि चेंडू सिअ‍ॅटलच्या खेळाडूच्या हाती गेला.

टॉटनहॅमने जो मार्ग काढला तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण दोन खेळांनी एका गवतावर नांदावे हा हट्टच त्यांनी सोडून दिला. एप्रिल २०१९ मध्ये उघडलेल्या त्यांच्या ६२,८५० आसनांच्या स्टेडियममध्ये नैसर्गिक हिरवळ पोलादी ट्रेंमध्ये वाढते. मैदान लांबीने तीन भागांत विभागलेले आहे आणि एकेका भागाचे वजन ३,००० टनांहून अधिक आहे. तीनच भाग का, याचे उत्तर दक्षिण स्टँडखाली मिळते. साडेसतरा हजार प्रेक्षकांचा तो स्टँड पेलण्यासाठी खाली झाडाच्या बुंध्यांसारखे दोन प्रचंड खांब उभे आहेत आणि त्यांच्या मधून व दोन्ही बाजूंनी जाण्याजोग्या वाटाही तीनच आहेत. मोटारी सुरू झाल्या की आधी मैदानावर दोन सरळ फटी उमटतात, तिन्ही पट्टे एकमेकांपासून किंचित दूर होतात आणि मग रेल्वेचा डबा यार्डात शिरावा तसे सावकाश स्टँडखाली शिरतात. सारे मिळून साधारण पंचवीस मिनिटे लागतात. गवत तिथे दिव्यांच्या प्रकाशात आणि पाण्यावर मजेत राहते. खाली उघडी पडते ती अमेरिकन फुटबॉलसाठीची कृत्रिम हिरवळ, १.६ मीटर खोल.

या १.६ मीटरमागे भूमिती आहे आणि तिचा थेट फायदा प्रेक्षकाला मिळतो. अमेरिकन फुटबॉलचे मैदान दोन्ही टोकांचे गोल-पट्टे धरून १०९.७ मीटर लांब, पण फक्त ४८.८ मीटर रुंद असते. १९९५ साली टॉटनहॅमच्या जुन्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर ‘लंडन मोनार्क्स’ हा संघ खेळत असे, तेव्हा लांबी पुरत नसल्यामुळे शंभर यार्डांचे मैदान ९३ यार्डांवर आणावे लागले होते. रुंदीत मात्र दोन्ही बाजूंना साडेनऊ-साडेनऊ मीटर जागा उरते आणि तिथेच अडचण होते. फुटबॉलचे राखीव खेळाडू बाकावर बसतात. अमेरिकन फुटबॉलचे चाळीसहून अधिक धिप्पाड खेळाडू, प्रशिक्षक आणि मदतनीस सामनाभर कडेला उभे असतात. फुटबॉलची पहिली रांग खेळाच्या जवळ राहावी म्हणून मुद्दाम खाली बांधतात, त्यामुळे तिथल्या माणसाला खेळाऐवजी पाठी आणि शिरस्त्राणे दिसू लागतात. जमीनच १.६ मीटर खाली गेली की हेल्मेटसह दोन मीटर उंच वाटणारा खेळाडू नेहमीच्या मैदानाच्या पातळीवर जेमतेम चाळीस सेंटिमीटर डोके काढतो आणि पहिल्या रांगेतल्या माणसाची नजर त्याच्यावरून निघून जाते.

६ ऑक्टोबर २०१९ रोजी या खालच्या मैदानावर ओकलंड रेडर्सने शिकागो बेअर्सला २४-२१ असे हरवले आणि पुढच्याच रविवारी तिथे कॅरोलायना पँथर्स आणि टँपा बे बकनीअर्स खेळले. त्यानंतर सहा दिवसांनी, शनिवारी १९ ऑक्टोबरला, टॉटनहॅमचा वॉटफर्डशी घरचा सामना होता. डेली अलीने शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली, पंचांनी गोल दिला, आणि स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर मात्र व्हिडिओ पंचांनी चुकून गोल नाकारल्याचा संदेश झळकला; १-१ असा सामना सुटल्यावर चाहते त्याच गोंधळावर तावातावाने बोलत होते. मैदानावर ना यार्डांची रेघ होती ना कुणाचे बोधचिन्ह, कारण ते गवत दोन्ही रविवारी दक्षिण स्टँडखाली दिव्यांच्या उजेडात वाढत होते.